युद्धदेवीचं पान

प्रिय दादास,
धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, आईला तेवढं सांग.

आयरिश पुराणकथांवर मी पत्त्यांचा खेळ करतेय. चौथ्यांदा सगळी पानं कापली, बोटाला फोड आलाय. काल घरमालकीणबाई आणि ऑफिसातल्या दोघी खेळून बघायला बसल्या. युद्धदेवीचं पान जिच्या हाती, तीच जिंकते, दर वेळी! "कंटाळलात का?" विचारलं, तर "छे, छान आहे" म्हणत तिघी अर्ध्या डावातून उठल्या. संतापून मी ते पान फाडलं.

इथे सगळे गोडच बोलतात रे. तू रडीचा डाव खेळायचास, पण चूक तोंडावर सांगायचास. देवीचं नवं पान घालून गठ्ठा पाठवतेय. बाबांनाही बसव. "पत्ते कुटते कार्टी" म्हणाले तरी चालेल. त्यांचा गुडघा कसा आहे?

भांडायला माणूस नसलेली,
तुझी छकुली