हेडफोनमधली नववी ड

सोमवार, २ जुलै २००७
आज माझ्या उजव्या मोज्याचं भोक सार्वजनिक झालं. राष्ट्रानं नोंद घ्यावी! शाळेच्या नव्या संगणक कक्षात पादत्राणं बाहेर, असा मुख्याध्यापिका सुहासिनीबाईंचा आदेश. "सर, विद्येचं मंदिर आहे ते." ज्या गळक्या वर्गात मी एकवीस वर्षं इंग्रजी शिकवतोय तिथे बूट चालतात. म्हणजे ते मंदिर नसावं. अंगठा बाहेर काढून उद्घाटनाला उभा राहिलो. सहा संगणक, सहा हार, सहा ठिकाणी कुंकू. नारळ मात्र एकच, तो सहाव्याच्या डोक्याशी फोडला आणि पाणी आत गेलं. आता पाच संगणक.

गुरुवार, ५ जुलै
इंग्रजीचा तास आणि भारनियमन. दोघांचं वेळापत्रक एकच!

मंगळवार, १७ जुलै
वीज होती! नववी डला घेऊन गेलो. हेडफोनमधली परदेशी बाई विचारते, "व्हॉट डिड यू हॅव फॉर ब्रेकफास्ट?" मुलांनी बोलायचं, यंत्र ते साठवतं आणि परत ऐकवतं. केल्विन ओरडला, "सर, चहा-पाव बोललो तर ही राँग बोलते!" म्हटलं, तिच्या देशात त्याला उपास म्हणतात.

क्लेमेंटीनही बसली होती. पाचूबंदरच्या कोळ्यांची मुलगी. गेल्या वर्षी मराठीच्या तासाला वाचताना "पाणी"चं "पानी" म्हणाली, वर्ग हसला, तेव्हा मिटलेलं तोंड तिनं अजून उघडलेलं नाही. तोंडी परीक्षेत भोपळा. यंदा इंग्रजीत नापास झाली तर शाळा बंद, मग आईबरोबर बाजारात — हे तिच्या आईनंच मला सांगून ठेवलंय. आज हेडफोन लावल्यावर तिचे ओठ हलताना दिसले. मला वाटलं, प्रार्थना म्हणतेय.

मंगळवार, ३१ जुलै
शाळा सुटल्यावर मुलांची रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. बरीचशी म्हणजे खोकला आणि शेजाऱ्याला शिव्या. मग क्लेमेंटीन लागली. लागली कसली — तिच्या तोंडून मीच लागलो! "येस, ग्रेट स्कॉलर, स्टँड अप. इज युवर ब्रेन ऑन लीव्ह टुडे?" माझं खाकरणं, टेबलावर डस्टर आपटणं, प्रत्येक टोमण्यानंतर मी घेतो तो विसावासुद्धा. वाक्यात एक चूक नाही. या मुलीला इंग्रजी येतं! एकाच माणसाचं येतं, एवढंच.

खूप हसलो. पुन्हा लावलं. दुसऱ्या वेळी हसू जरा कमी आलं. त्या माणसाच्या वर्गात मीही तोंड उघडलं नसतं.

गुरुवार, ९ ऑगस्ट
संस्थेचे विश्वस्त प्रगती बघायला आले. संगणक शिकवणाऱ्या कौस्तुभला हुकूम होता, उत्तम रेकॉर्डिंग ऐकवा. त्यानं न ऐकताच सगळ्यांत लांब निवडलं. आमच्याकडे लांब उत्तराला मार्क जास्त, ही सवय यंत्रानंही मोडली नाही. स्पीकरमधून मी गरजलो, "डोन्ट डेकोरेट द बेंच. सिट!" एक विश्वस्त खरोखर बसले. दुसरे म्हणाले, "उच्चार छान! कोणते सर हे?"

पडद्यावर क्लेमेंटीनचं नाव होतं. सुहासिनीबाईंनी वाचलं. "शिक्षकांची टवाळी? या मंदिरात?" क्लेमेंटीनला सगळ्यांसमोर उभं केलं. पालकांना आणायचं, माफी मागायची, तोवर शाळेत पाऊल नाही. नववी डला कक्ष बंद. ती माझ्याकडे बघत होती. मी पंख्याकडे.

शुक्रवार, १७ ऑगस्ट
क्लेमेंटीन आजही नाही.

रविवार, १९ ऑगस्ट
वसईच्या बाजारात गेलो. तिची आई, ग्रेसीबाई, सुक्या मासळीची टोपली घेऊन बसलेली. शेजारी क्लेमेंटीन सुकट निवडत होती. मला बघून मान आणखी खाली.

"काय पायजे, मास्तर?"

"पोरीला शाळेत पाठवा."

"माफी मागायला? ती कशाला मागंल? घरी तुमचा आवाज काढते, तिचा बापूस हसून आडवा होते. तुमच्या शाळेत एकदाच तोंड उघाडलं, तर हाकलून दिली. आता शाळेतून नाव काढा तिचं."

म्हटलं, मी बोलतो बाईंशी.

"तवा कुटे होते तुमी? तितेच ना? मंग तवा नाय बोलले?" मग माझ्या खांद्यावरून मागे बघत, "सुकट घेनार का? नाय तर बाजूला व्हा, गिऱ्हाईक उभं हाय."

बाजूला झालो.

सोमवार, २० ऑगस्ट
प्रार्थनेआधी सुहासिनीबाईंच्या खोलीत गेलो. म्हटलं, नक्कल करणं हा मी दिलेला गृहपाठ होता. मुलीनं सांगितलं तेच केलं.

बाईंनी चष्मा काढला. "लेखी द्याल?"

दिलं. साफ खोटं, पण वळणदार अक्षरात. शिपायाला पाचूबंदरला पिटाळलं — माफी नको, उद्या या. दुपारी माझं नवं वेळापत्रक लागलं. मला पाचवी. संगणक कक्षात प्रवेश नाही.

मंगळवार, २१ ऑगस्ट
नववी डला अजून नवे सर मिळालेले नाहीत. व्हरांड्यातून जाताना बंद दाराआडून माझा आवाज ऐकू आला — खणखणीत, हेडफोनशिवाय — आणि अख्खा वर्ग हसत होता. मी थांबलो नाही.