तटाच्या आतली माणसं

तीर्थरूप बाबा, नमस्कार. रागात लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

तब्येत ठणठणीत आहे, डोकं तेवढं तापलंय. बायबलच्या भाषांतरात ‘मिव्त्सार’ या हिब्रू शब्दाला आमच्या मंडळाने हात वर करून ‘किल्ला’ हा प्रतिशब्द ठरवला. माझा एकटीचा हात खाली. अहो, तो शब्द बहुतेकदा तटबंदीच्या शहरासाठी येतो. तिथे बायकापोरं राहायची, चुली पेटायच्या. प्रमुख म्हणतात, “ताई, किल्ला कसा भारदस्त वाटतो.” वेढा पडल्यावर उपाशी कोण मरायचं, भारदस्तपणा?

आणि तुमचं काय चाललंय? घरफोडी झाल्यापासून तुम्ही आत्यालाही दारातूनच वाटेला लावता म्हणे. बाबा, तट माणसांना आत घेऊन बांधतात. एकट्याभोवती बांधला तर ती कोठडी होते.

तिला आत घ्या. दोन घास बरोबर जेवा.

तुमची तापट लेक