डेन्मार्कसाठी आत्मिक तयारी

३ ऑगस्ट २०२५, रविवार
आजपासून रोज लिहिणार. इतकी वर्षं चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी म्हणून मिनिट्स लिहिली, तेव्हा रेकॉर्ड नीट ठेवायची सवय आहे. विषय: आमचा डेन्मार्क प्रवास. मुलगी अपेक्षा आणि जावई अभय तिकडे असतात. त्यांना मुलगी झाली, नाव किमया. सप्टेंबरच्या चौदाला तिचा बाप्तिस्मा. पप्पांनीच बाळाला हातात घेऊन पाण्यापाशी उभं राहायचं, असा अपेक्षाचा हट्ट आहे. व्हिसा आला. अभयने सहा सप्टेंबरची तिकिटं काढली.
लोक स्वेटर आणि लोणच्याची तयारी करतात. मी आत्मिक आणि मानसिक तयारी करणार. बॅग काय, कोणीही भरतं. आमच्या हिने, आशालताने, भरलीसुद्धा.
संकल्प: पहाटे पाचला प्रार्थना. शुक्रवारी कडक उपास. मौन. नम्रता (ही माझ्यात आहेच, फक्त वाढवायची).

६ ऑगस्ट, बुधवार
उठलो साडेआठला. आधी वाईट वाटलं. मग हिशेब केला: डेन्मार्कमध्ये तेव्हा बरोबर पाच वाजले होते. म्हणजे शरीराने आपणहून तिकडची वेळ पकडली. असाच चालू ठेवतो.

८ ऑगस्ट, शुक्रवार
उपास. आशालताने अपेक्षासाठी डिंकाचे लाडू केलेत, त्यातले चार खाल्ले. ही म्हणाली, उपास ना तुमचा? तिला समजावलं की डिंकाचा लाडू हे अन्न नव्हे. बाळंतिणीला देतात, म्हणजे औषध झालं. औषधाला उपासात मनाई नाही. हिने डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. पटलं असावं.

१० ऑगस्ट, रविवार
विमानाचा नीट अभ्यास सुरू केला. यूट्यूबवर विमानं का पडतात यावर पुष्कळ माहिती आहे. भीती म्हणून नाही, जनरल नॉलेज म्हणून. रात्री जेवण गेलं नाही. हवा दमट आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार
उंचीचा सराव. शेजारच्या हैबतरावांच्या पाण्याच्या टाकीवर लोखंडी शिडीने चढलो. वरून पिरंगुटपर्यंतच्या कारखान्यांच्या सगळ्या शेड दिसतात, देवाची निर्मिती फार सुंदर आहे. वर बसून मनन केलं. मनन जरा लांबलं. शेवटी हैबतरावांचा मुलगा शेखर वर आला आणि माझा एकेक पाय धरून पायरीवर ठेवत त्याने मला खाली आणलं. तो म्हणाला, काका, डोळं उघडा, आता जिमिनीवर हाय तुमी. मी म्हणालो, प्रार्थनेत डोळे मिटायचेच असतात.

१७ ऑगस्ट, रविवार
आज आमच्या घरी निरोपाची भक्ती झाली. आपल्यात कोणी लांब निघालं की मंडळी घरी येते, गायनं होतात, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मग चहा-चिवडा. पाळकसाहेब म्हणाले होते, निघायच्या आदल्या दिवशी ठेवू. मी म्हणालो, विश्वास असेल तर आधीच ठेवायची. जे मिळणार आहे ते मिळालंच असं धरून चालायचं. सगळी मंडळी आली. हार फार सुंदर होता. मी साक्ष दिली: भिणारा माणूस घरात बसतो, विश्वासू माणूस निघतो. दोन बायका रडल्या. आशालता आत चिवड्याच्या बश्या भरत होती, तिचं ऐकायचं राहिलं.

२४ ऑगस्ट, रविवार
तयारीचा पुढचा टप्पा: परदेशी वातावरणाची सवय. शेखरची गाडी घेऊन लवासाला गेलो. रंगीत इमारती, तळं, रस्त्यावर माणूस नाही, थोडक्यात युरोप. घाटात मला तीनदा उतरावं लागलं. सकाळचे पोहे जड होते. तळ्याकाठी मी गंभीरपणे फिरलो आणि परक्या मुलखात एकटेपणा कसा सोसायचा यावर विचार केला. आशालता मात्र एका गुजराती बाईशेजारी बसून कणीस खात होती. हिला गुजराती येत नाही, तिला मराठी येत नाही. तरी दोघी हसत होत्या. जाताना त्या बाईने हिला नंबर दिला. हिची मानसिक तयारी शून्य आहे. परदेशात काय होणार हिचं, या काळजीने मला पुन्हा घाटात उतरावं लागलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार
उद्याचं विमान. सकाळपासून आत्म्यात अस्वस्थता. वचन वाचलं, पण मन लागेना. यावरून स्पष्ट झालं की माझी तयारी अजून अपुरी आहे. अपुऱ्या तयारीने नातीला हातात घेणं हा त्या संस्काराचा अपमान होईल. अपेक्षाला फोन केला. बाप्तिस्मा महिनाभर पुढे घे म्हणालो. ती म्हणाली, ठीक आहे पप्पा, तुम्ही आल्याशिवाय नाही करणार. पोर समजूतदार आहे. आशालताला म्हणालो, तू एकटी जाऊ शकत नाहीस, तुला इंग्रजी येत नाही. ती म्हणाली, तुम्हाला येतं? हा प्रश्न मूळ मुद्द्याला सोडून होता.

९ सप्टेंबर, मंगळवार
पौड रोडला भाजी घ्यायला गेलो. भाजीवाली फुलाबाई म्हणाली, आलात व्हय इमानातनं? कसा हाय त्यो देस? गर्दी होती, सविस्तर सांगण्याची वेळ नव्हती. थंड आहे म्हणालो. तिने आलं फुकट दिलं.

१४ सप्टेंबर, रविवार
आज बाप्तिस्मा व्हायचा होता. मी उपासनेला गेलो नाही. हार घालणाऱ्या लोकांना तोंड दाखवायची लाज म्हणून नव्हे. सर्दी होती.

२० सप्टेंबर, शनिवार
अभयने नवी तिकिटं काढली. ११ ऑक्टोबर. आशालताने लाडूही पुन्हा केले. पहिले संपले, कसे ते कळलं नाही.
आज खुर्चीवर नऊ तास हलायचं नाही असा सराव. पहिल्या अर्ध्या तासात झोप लागली. म्हणजे विमानात काही त्रास होणार नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
दुसरी निरोपाची भक्ती. मंडळी निम्मी. हार नव्हता, गुलाबाचं एकेक फूल होतं. ते पर्यावरणासाठीही बरं. पाळकसाहेबांनी छोटी प्रार्थना केली आणि शेवटी म्हणाले, प्रभू, या वेळी ह्यांना खरंच ने. शब्दरचना जरा वेगळी वाटली.

१२ ऑक्टोबर, रविवार
घरीच आहे.
काल मुंबई विमानतळापर्यंत गेलो. आतही गेलो. बॅगा पट्ट्यावरून गेल्या. मग काचेतून विमान दिसलं. फार मोठं असतं ते. छातीत दाब आला, तळहाताला घाम. हा हृदयाचाच प्रकार म्हणून मी खाली बसलो. डॉक्टर आली. मशीन लावलं, सगळं तपासलं. म्हणाली, सर, यू आर ॲब्सोल्युटली फाइन, यू कॅन फ्लाय. लहान होती वयाने, अनुभव कमी. बॅगा परत मागवल्या.
येताना आशालता गाडीत खिडकीबाहेर बघत होती. तिच्या मांडीवर लाडवांचा डबा. लोणावळ्याला म्हणाली, नात तीन महिन्यांची झाली, अजून मी तिचा वास घेतला नाही. पुढच्या वेळी मी थांबणार नाही. दमली होती बिचारी. झोप झाली की शांत होईल.
अपेक्षाला मीच फोन केला. बाप्तिस्मा नोव्हेंबरात घे. या वेळी ती काही म्हणालीच नाही. आवाज नीट येत नव्हता बहुतेक.

२ नोव्हेंबर, रविवार
तिकिटं तेराची. या खेपेला चूक कळली आहे: मी शरीराकडे लक्ष दिलं, आत्म्याकडे कमी. नवा संकल्प: निघण्याआधी घरातच सखोल प्रार्थना. मन स्थिर झालं की काही अडचण नाही.
निरोपाच्या भक्तीबद्दल पाळकसाहेबांना फोन करून विचारलं. म्हणाले, फोनवरच करू. आता लगेच केली तरी चालेल का? ते रस्त्यात उभे होते, मागे हॉर्न वाजत होते. आमेन मात्र दोघांनी मोठ्याने म्हटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सविस्तर लिहितो, कारण घटना महत्त्वाची आहे.
दुपारी तीनला गाडी आली. हैबतरावांनी बॅगा डिकीत टाकल्या. त्यांच्या पत्नी सगुणाबाईंनी आशालताच्या कपाळाला कुंकू लावायला हात उचलला, मग आम्ही ख्रिस्ती हे आठवून तो मागे घेतला आणि तिचे दोन्ही हात धरले. दोघींचे डोळे भरले. आशालता दारात येऊन म्हणाली, येताय ना?
मी म्हणालो, पाच मिनिटं प्रार्थना करतो.
ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, करा.
मी आतल्या खोलीत गुडघे टेकले. आधी कुटुंबासाठी, मग मंडळीसाठी, मग वैमानिकासाठी, इंजिनासाठी, वाटेत खाली लागणाऱ्या सर्व देशांसाठी प्रार्थना केली. त्यात बरेच देश येतात. मध्ये दार लागल्याचा आवाज आला. बॅग ठेवत असतील असं वाटलं. मग गाडी सुरू झाली. ड्रायव्हर गाडी वळवून घेत असेल. मी डोळे उघडले नाहीत, कारण मध्येच उघडणं बरोबर नाही.
उघडले तेव्हा अंगणात कोंबड्या होत्या. माझी बॅग ओट्यावर नीट उभी करून ठेवलेली.
खरं म्हणजे हे उत्तम झालं. ही पुढे जाऊन घर बघून ठेवेल, मी पूर्ण तयारीने मागून जाईन. शेवटी बाप्तिस्म्याला मी लागणारच आहे. माझ्याशिवाय करणार नाहीत, अपेक्षाने शब्द दिला आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
ही सुखरूप पोहोचली. मधल्या विमानतळावर विमान बदलायचं होतं. एका बाईचा हात धरून गेली म्हणे. कुठली बाई, तर माहीत नाही.
उपास. घरात लाडू नाहीत. सगळे घेऊन गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार
संध्याकाळी अपेक्षाला व्हिडिओ कॉल केला. मनाशी ठरवलं होतं की डिसेंबरातली तारीख सुचवायची, नाताळच्या आसपास, म्हणजे तयारीला अवधी मिळेल. अपेक्षा काठाची साडी नेसलेली. मागे टेबलावर केक. मी विचारलं, काय, वाढदिवस कोणाचा?
ती म्हणाली, पप्पा, किमयाचा बाप्तिस्मा झाला आज.
मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग आशालता फोनवर आली. किमया तिच्या खांद्यावर झोपलेली, डोक्यावरचे केस ओलसर. आशालता म्हणाली, मीच म्हटलं हिला, आता थांबायचं नाही. मी धरलं बाळाला. रडली नाही, पाणी पडल्यावर फक्त डोळे मोठे केले. हे सांगताना ही इतकी खूश होती, की लग्नानंतर असा चेहरा मी पाहिल्याचं आठवत नाही. मी म्हणालो, मला कळवायचं तरी. तेवढ्यात किमया जागी झाली आणि रडायला लागली. फोन ठेवला.
मला राग आला. खूप. पाळकसाहेबांना फोन करून हे शास्त्राला धरून आहे का विचारणार होतो. नंबर लावला आणि बंद केला.
हैबतराव ताट घेऊन आले. ही गेल्यापासून सगुणाबाई रोज पाठवतात. म्हणाले, नातीचं झालं न्हवं आज चांगलं? आशाताईंचा सकाळीच फोन आला व्हता सगुणाला. मी विचारलं, सकाळी? मग मला का नाही सांगितलं तुम्ही? ते ओट्यावर बसले. म्हणाले, नका सांगू म्हनल्या. सांगितलं तर यीतो म्हनतील, आनि प्वार परत वाट बघत बसंल.
मी ताटावरचं फडकं काढलं आणि पुन्हा झाकलं. मग माझ्या तोंडून निघून गेलं की हैबतराव, मला विमानाची फार भीती वाटते हो. आणि मला रडू आलं. बाळाला एकदाही हातात घेतलं नाही मी.
हैबतराव म्हणाले, म्हाईत हाय. समद्यास्नी म्हाईत हाय. जेवा आता, भाकर गार हुतीया.
जेवलो.