रस्त्याला न्याहारी

प्रिय लिसांद्रो,

शुक्रवारी बाबांना जाऊन वर्ष होईल. अंत्यविधीनंतर तू घरी आलेला नाहीस. पेपरात फार काम आहे, म्हणतोस.

भोंगेवाला तोमासीनो अजून गाडीवरून पेपर विकतो. "ऐका हो, तुमच्याच वस्तीतला मुडदा!" बाबा गेले त्या गुरुवारी मी भाजीसाठी निवडुंगाची पानं साफ करत होते. तो ओरडत आला, "पाववाल्याला बसनं उडवलं!" शेजारची फेलिसितास भिंतीवरून म्हणाली, "बाई गं, चूल बंद कर आणि खाली बस." मला असं कळलं. पोलीस नंतर आले.

तुझ्या क्लेमेंतेशेठच्या पेपरानं छापलं, पाववाला झिंगलेला होता. तुझे बाबा, ज्यांनी स्वतःच्या लग्नातही सरबतच घेतलं! मग अबुंदियोशेठ मागे कसा राहील? त्याच्या पेपरात दुसऱ्या दिवशी आलं, कुणा बाईच्या नवऱ्यानं ढकललं. फेलिसितास म्हणाली, "एलीहियोला बाई? मग सायकलवर डोक्यावरची पावाची टोपली कोण धरणार होतं?" त्या दिवसांत मी तेवढी एकदाच हसले. दोन्ही शेठांनी हार पाठवले. हारांवर पेपरांची नावं मोठी, बाबांचं कुठेच नाही. पुढे कुणाचा ठेवायचा यावरून त्यांची माणसं शवपेटीपाशी भांडली. मार्चमध्ये त्याच शेठांची मुलं एकमेकांशी लग्न करून मोकळी झाली. दोन्ही पेपरांत एकच फोटो.

मी शाळेत गेले नाही. बाबा पाव गुंडाळायला रद्दी आणायचे, तिच्यावरून अक्षरं लावायला शिकले. म्हणून छापलेलं मी सावकाश, दोनदा वाचते.

क्लेमेंतेशेठचा तो पेपरही दोनदा वाचला. फोटोत तोंडावर फडकं, भोवती पाव. वर मथळा, 'रस्त्याला न्याहारी!'

सायकल घसरून पाव सांडले की बाबा घरी येऊन म्हणायचे, "आज रस्त्याला न्याहारी दिली, ओबदुलिया." हे आपल्या तिघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. आणि क्लेमेंतेशेठकडे मथळे तू लिहितोस. समोरच्याच्या आधी छापायचं, नाव कळेपर्यंत थांबतं कोण! तू ओळखलं नाहीस, हे मला पटतं. तुला बाबांचं बोलणं आठवलं, बाबा आठवले नाहीत. तेवढं वर्षभर घशाखाली उतरलेलं नाही.

मला कळू नये म्हणून तू येत नाहीस. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तेव्हा आता ये. बाबांसाठी शुक्रवारी प्रार्थना आहे, तिची सूचना चर्चच्या दारावर लावायची आहे. ती तूच लिही. या वेळी नाव आधी लिही.

तरीही तुझीच,
आई