जानकीवहिनीची कवळी

मी, अंबूबाई वांग, माहेरची ठोंबरे, वय वर्षे छप्पन्न, राहणार कर्जत, बाजारपेठ, माझ्या मागे कोणी माझ्या नावाने भलतेच काही सांगू नये म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. बुद्धी ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन मला तीन अंकी गुणाकार घालावा. वकिलाकडून लिहून घेतलेले नाही, कारण त्याचा कारकून साजगावचा, म्हणजे माझ्या माहेरच्या गावचा आहे.

१. राहते घर व त्याच्या पुढच्या खोलीतील दवाखाना माझ्या एकटीच्या नावे आहे. ते दोन्ही माझी एकुलती एक मुलगी कुमुद हिला मिळावे. तिचे यजमान कमळाकर जाधव, मुक्काम मोहोपाडा, रसायनीच्या कारखान्यात नोकरीस, यांचे नाव घराला लावू नये. माणूस वाईट नाही. ते बौद्ध म्हणून मी लग्नाला आडवी आले, असे कुमुदला वाटते. तसे नाही. तेव्हा मी कोणावरच विश्वास ठेवत नव्हते. पहिल्या भेटीत मी त्यांच्याकडून किराणा मालाची यादी लिहून घेतली होती. का, ते पुढे येईल.

२. दात बसवण्याची सर्व हत्यारे, साचे, पायाने चालवायचे यंत्र व खुर्ची कुमुदलाच. ही माझ्या दिवंगत यजमानांची, वांग ताई-शेंग यांची. ते चिनी, पण वाढले मुंबईत. कर्जतला दवाखाना काढल्यावर लोक त्यांना तोंडावर डॉक्टर आणि पाठीमागे वांगं म्हणत. १९५१ साली मी माझ्या वडिलांना, कोंडाजी ठोंबरे यांना, कवळी बसवायला घेऊन आले. मी तेव्हा तेवीस वर्षांची विधवा. चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला कवळी चपखल बसली, तरी डॉक्टर म्हणाले, "और एक बार आना पडेगा." वडिलांना ते खरे वाटले. मला नाही.

१९५५ साली आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केले. वडील म्हणाले, "त्या चपट्या नाकाच्याकडं गेलीस तर तू मला मेलीस." हे ते ह्यांनीच बनवलेल्या दातांनी म्हणाले, आणि मरेपर्यंत त्याच दातांनी जेवले. ह्यांच्या काकांनी मुंबईत आम्हाला उंबऱ्याबाहेर चहा दिला आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हटले. त्याचा अर्थ ह्यांनी मला शेवटपर्यंत सांगितला नाही, म्हणजे तो मला कळलाच.

३. माझ्या कपाटातील लाकडी पेटी न उघडता जाळावी. तिच्यात काय आहे ते सांगते, म्हणजे कोणी उघडायला जाणार नाही. १९६२ च्या नोव्हेंबरात, चीनशी लढाई चालू असताना, पोलीस ह्यांना घेऊन गेले. निनावी पत्र आले होते. हवालदाराने ते मला क्षणभर दाखवले: "चिनी इसम दवाखाण्यात बसून रेडीओवर आपल्या मुलखाशी बोलतो." आमचा रेडिओ फक्त ऐकायचा होता. ह्यांना राजस्थानातल्या छावणीत अडीच वर्षे ठेवले. कुमुद पाच वर्षांची होती. ह्यांचे काम शेजारी बसून पाहिलेले होते, त्यावर मी कवळ्या करून घर चालवले.

ते परत आले ते निम्मे होऊन. पत्राबद्दल एकदाच बोलले, "अंबू, छोडो." मी सोडले नाही. दवाखान्यातला तो 'ण' माझ्या डोळ्यांपुढून जाईना. वाणी, शेजारी, पोस्टमन, ज्याचे ज्याचे अक्षर मिळेल ते त्या पेटीत ठेवत गेले. एकही जुळले नाही. तरी मनाने मी ठरवून टाकले होते, की हे माझ्या भावाचे, सहदेवदादाचे काम. अक्षर वेगळे होते, तर म्हटले, दुसऱ्याकडून लिहवले असेल. तो दोनदा दारात आला. "अंबू, बोल की गं," म्हणाला. मी कडी लावली. १९८२ साली तो वारला. मी गेले नाही.

४. माझ्या दोन सोन्याच्या पाटल्या सहदेवदादाची मुलगी सुंदरा हिला द्याव्यात. वडिलार्जित जमिनीतला माझा हिस्साही तिलाच. तिचे लग्न दोनदा ठरून मोडले, कारण आत्या चिन्याच्या घरात. शेवटी बिजवराला दिली. हे मला यंदा कळले. तिच्यावर उपकार म्हणून देत नाही. दादाला आता काही देता येत नाही, म्हणून देते.

५. कपाटाच्या वरच्या कप्प्यात पांढऱ्या डब्यात नवी कवळी आहे. ती जानकीबाई सहदेव ठोंबरे, म्हणजे दादाची बायको, माझी वहिनी, हिची आहे.

यंदा मार्चमध्ये मी बाहेरून आले तो कडीत चिठ्ठी. "दवाखाणा बंद होता. दातासाठी आले होते. उद्या येते. जानकी." तोच 'ण', तेच अक्षर. वहिनीला लिहिता येते हे मला माहीत नव्हते. जमिनीच्या कागदांवर तिचा अंगठा असे.

दुसऱ्या दिवशी ती आली. तोंडात दात नाहीत, पदर ओठांवर.

"वहिनी, हे तू लिहिलंस?"

"म्याच. म्हायेरी चवथीपोत शिकले व्हते. सासरी कुनी इचारलंच नाय."

"आणि बासष्ट सालचं?"

ती खुर्चीचा हात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "माझ्या पोरीची सोयरीक दुसऱ्यांदा मोडली व्हती, वन्सं. वाटलं, त्येंला त्येंच्या मुलखात धाडतील नि तुमी घरी याल. कोंडून घालतील असं नवतं वाटलं."

"दादाला ठाऊक होतं?"

"नाय. तुमी बोलना म्हनून ते रडायचे. तरी म्या तोंड नाय उघडलं."

मी म्हणाले, "आता उघड." मेण गरम केले आणि तिच्या तोंडाचे माप घेतले. मेण घट्ट होईपर्यंत तिला बोलता येत नव्हते. तेवढा वेळ मला बरे वाटले, हे लिहून ठेवते.

कवळी एप्रिलातच झाली. वहिनी तीनदा येऊन गेली. मी तिन्ही वेळा "अजून व्हायची आहे" म्हणाले. एकदा डबा हातात घेतलाही होता. माझ्या हयातीत ते माझ्याने होईल असे वाटत नाही.

म्हणून कुमुद, हे काम तुझ्याकडे. मामीला बोलावून खुर्चीत बसव. खाली डावीकडे टोचेल, तिथे थोडे घासून घे. यातले तुला काहीच माहीत नव्हते, आता कळले आहे. तुझे वडील तिने नेले होते, तेव्हा तिला काय बोलायचे ते बोल, मी अडवत नाही. पण आधी कवळी बसव. तिला उत्तर देता आले पाहिजे.

हे मी कोणाच्या दबावाशिवाय लिहिले. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले. मजकूर त्यांना वाचू दिलेला नाही. सही होईपर्यंत कागदावर पाटी उपडी ठेवली होती.

सही: अंबूबाई वांग

साक्षीदार:
१. येसाजी बुधाजी मुकणे, शेजारी (पाटी उचलून पाहत होते, हटकले)
२. विमलबाई आबाजी दळवी, शिक्षिका

कर्जत, ता. १७ सप्टेंबर १९८४