जागवायचं गाणं

प्रिय दादा,

वहिनीने कळवलं की गळ्याच्या दुखण्यात तुझा आवाज कायमचा गेला. तरीही हे पत्र तुलाच लिहिते आहे, कारण दुसरं दारच उरलेलं नाही. छकुली उठत नाहीये. महिना होत आला. श्वास संथ, गालांवर रंग, मध सोडलेलं पाणी ओठांना लावलं की गिळतेसुद्धा. परवा तिचा हलणारा दात पडला. घशात जाईल म्हणून मीच बोट घालून काढला, आणि मग रडत बसले.

दोष कुणाला देऊ? तापाने तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. थोपटता थोपटता तोंडाला आलं ते गुणगुणले, आणि माझ्या तोंडाला दुसरं येणार काय? डोंगराखालच्या राक्षसाला निजवायला आयुष्यभर जे गायले, तेच. दोनच ओळी. पण राक्षसाला पुरतं ते गाणं पाच वर्षांच्या पोरीला झेपेल का? वैद्य नाडी बघतात आणि मान हलवून जातात. हे भट्टीवरून आले की हातांची मातीही न धुता तिच्या उशाशी बसतात. मला एका शब्दाने बोलत नाहीत, आणि तेच सोसवत नाही.

बाबांनी मला निजवायचं गाणं दिलं, तुला जागवायचं. एका गळ्यात एकच, हा आपल्या घराचा कायदा. तू चिडवायचास, हिचं गाणं ऐकून राक्षसच काय, शेजारीपाजारीही घोरतात. पुढे राक्षस जागा होईल म्हणून तुला तुझ्या गाण्याची भीती वाटायला लागली आणि तू गिरणीत कामाला गेलास. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही, खरंच.

डोंगराची काळजी करू नकोस. माझं गाणं मी पलीकडच्या मावशींच्या सुनेला शिकवायला घेतलंय. गळा गोड आहे, ताल मात्र रामभरोसे. पण होईल तयार. बाबांची सारंगीही काढून तारा बदलल्यात.

ती तुझ्यासाठी, दादा. तू गाऊ शकत नाहीस, पण सूर वाजवून दाखवशील, शब्द ओठांनी सांगशील. जागवायचं गाणं मी शिकेन, मी गाईन. कायदा मोडला की काय होतं ते मला माहीत आहे. दोन्ही गाणी एका गळ्यात आली की तो गळा एकदाच गातो आणि मग कायमचा मुका होतो. छकुलीच्या बाबांना हे अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. मिळेल त्या गाडीने ये. आणि गाण्याआधी मला आणखी एक शिकव. उठल्याबरोबर ती आई म्हणून हाक मारणार. तुझी मुलं हाक मारतात, तेव्हा तू त्यांना ओ कशी देतोस?

वाट बघणारी, तुझीच,
भुणभुण