माशांची खोली

निमोणे, ता. शिरूर
११ जानेवारी २०२५

प्रिय सारा हिस,

दादाचा प्रभूत सलाम वि. वि. तू मला वेड्यात काढणार, तरी सांगतो. कृपासाठी निऑन टेट्रा मासे आणलेत. नखाएवढे जीव, पण एक वळला की सगळे वळतात. ब्लेसन आणि सूनबाई पुण्याला नोकरीत अडकलेले. शाळेपायी इथं राहिलेल्या नातीला तेवढीच सोबत.

माशांना गारठा सोसत नाही, म्हणून खोलीच्या खिडक्यांच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. गव्हाची कोठीही तिथंच ओढलीय. किडे झालेत, औषध घालायचंय.

फोन करावासा वाटला होता. पण आबांची शिस्त तुला ठाऊक आहे. फोन वाईट बातमीला, बाकी सगळं पत्रात.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
शलमोन

दौंड
१४ जानेवारी

प्रिय दादा,

सलाम वि. वि. लहानपणी विहिरीत डोकवायला घाबरणारा तू, आता पाणी घरात घेऊन बसलास! कृपाला माझे मुके दे.

इकडे यांचा दमा थंडीनं वाढलाय. धान्याच्या गोदामातल्या नोकरीनं छाती गेली ती गेलीच. तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, गव्हात कडुनिंबाचा पाला घाला, दुसरं काही नको. आणि एक खिडकी उघडी ठेव रे. माशांचं कौतुक पुरे, माणसांनाही वारा लागतो.

प्रार्थनेत आठवण असू दे.

तुझी,
सारा

निमोणे
१६ जानेवारी

प्रिय सारा,

सलाम. तुझं पत्र आत्ताच मिळालं, पण उशिरा. दुकानदारानं दिलेल्या गोळ्या परवाच गव्हात ठेवल्या. झाकण जरा वाकडं आहे, वर पोतं टाकलंय.

माझं चित्त माशांवर आहे. एकत्र पोहायचे सोडून पांगलेत, वर येऊन तोंडं उघडतात. बरेच मेले. पाणी बदललं, हवेचा पंप मोठा केला, तरी फरक नाही. मेलेल्या माशांचा वास खोलीतून जातच नाही. खिडकी उघडावी, तर उरलेले गारठतील.

कृपानं हाय खाल्लीय. डोकं दुखतंय म्हणते, सकाळी उलटीही झाली. शाळेत पाठवली नाही. मासे एकटे कसे राहतील म्हणून अंथरूण तिथंच घातलंय. हौसराव आज दौंडला निघालाय, पत्र त्याच्याच हाती देतो.

दाजींना जप.

शलमोन

शिरूर, दवाखाना
१७ जानेवारी

सारा,

काल संध्याकाळी फोनवर तुझं नाव दिसलं. वाटलं, दाजी गेले. म्हटलं, ऐकायचंच आहे, आधी चहा घेऊ. फोन उपडा ठेवला. परत वाजला, परत ठेवला. चहा संपवला मी, सारा.

मग शेजारचा भिमाजी धावत आला. सारा ताई फोनवर सांगत्यात, गव्हातल्या गोळ्यांचा वायू हाय, पोरीला आधी भाईर काढा, म्हणाला. त्यानंच लाथेनं खिडकी फोडली. कृपा टाकीकडं तोंड करून पडली होती. हाक मारली, पण ओ दिली नाही.

डॉक्टर म्हणतात, या विषावर उतारा नाही, आजचा दिवस निघाला पाहिजे. ब्लेसन आणि सूनबाई तिच्यापाशी आहेत. त्यांच्याकडं माझ्यानं बघवत नाही. मासे मरत होते आणि मी पाणी बदलत बसलो.

हे पत्र भिमाजीजवळ देतोय. तू फोन करू नकोस, मला पुन्हा ते नाव बघवणार नाही. आबांची शिस्त मीही पाळीन. माझा फोन येत नाही तोवर कृपा आहे, असं समज.

प्रार्थना कर.

दादा